मिस्त्रींचे फर्मे आणि माझं कपाट

माझ्या तीस वर्षांच्या कामाचे फोटो माझ्याकडे आहेत. पुष्कळ आहेत. फक्त त्यात काम दिसत नाही, मी दिसतो. टेबल झालं की टेबलासमोर मी, कपाट झालं की कपाटाच्या दाराला रेलून मी, पलंग झाला की पलंगावर मी. हे सगळे फोटो ओळीनं लावले तर माझे केस कसकसे गेले ते कोणालाही नीट कळेल, पण कपाटाला खण किती होते ते कळणार नाही.

मी फर्निचर डिझायनर आहे. नागपुरात असं सांगितलं की समोरचा माणूस हमखास विचारतो, "म्हणजे सुतारकाम?" आणि मी मान ताठ करून सांगतो, "नाही हो. डिझाइन. सुतार वेगळा असतो." आयुष्यभर हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटलं की बायको ते माझ्या आधी म्हणून टाकते.

सुतार खरंच वेगळे होते. प्रताप नगरातल्या आमच्या घरामागे टिनाची शेड आहे, तिथे ते काम करायचे. मूळचे खापा गावचे. आठवडाभर शेडशेजारच्या खोलीत राहायचे आणि शनिवारी संध्याकाळी बसनं गावी जायचे. सगळे त्यांना मिस्त्री म्हणायचे, मीही मिस्त्रीच म्हणायचो. मी कागदावर रेघा ओढायचो आणि मिस्त्री त्यांची वस्तू करायचे, अशी आमची वाटणी. फोटोही तेच काढायचे.

"साहेब, जरा बाजूले व्हा जी. खुर्ची दिसून नाही राहिली."

"थोडी तरी दिसते ना?"

"पाय दिसते."

"मग काढा."

आणि ते काढायचे. वाद घालायचा त्यांचा स्वभाव नव्हता. वाद घालायचा माझा स्वभाव होता, आणि समोर कोणी घालत नसेल तर मी एकटाच घालायचो.

आमच्या कामातली एक वस्तू लोकांना माहीत आहे. ती म्हणजे एक बुटकी, सागवानी, हात नसलेली खुर्ची. वऱ्हांड्यात बसून मटार सोलायला, पेपर वाचायला, दुपारी डुलकी काढायला. मी तिला एक भारदस्त इंग्रजी नाव ठेवलं होतं, ते माझ्याशिवाय कोणी घेतलं नाही. सगळे तिला 'बुटकी' म्हणतात. तिच्यात बसलेला माणूस लवकर उठत नाही, अशी तिची ख्याती. कंबरदुखीवाले तर तिच्यासाठी चौकशी करत घरी यायचे. पाठ अशी काही मागे झुकते आणि कंबरेशी अशी काही पोकळी देते की बाप्पा! या झुकावावर मी कॉलेजात, रोटरीछाप सभांत, एकदा तर लग्नाच्या पंगतीतही व्याख्यान दिलं आहे. "हा कोन मला एका दुपारी अचानक सुचला," असं मी म्हणायचो आणि मग थोडा वेळ थांबायचो, म्हणजे लोकांना ती दुपार डोळ्यांसमोर आणता यावी.

मागच्या दिवाळीत मिस्त्री थांबले. हात थरथरायला लागले होते. पटाशी धरली की टोक जागेवर राहीना. डॉक्टरनं काहीतरी नाव सांगितलं, गोळ्या दिल्या, पण करवतीचं काम बंद म्हणाला. मी शेडमध्येच छोटा निरोप समारंभ केला. शाल दिली, नारळ दिला, आणि भाषण केलं. भाषणात मिस्त्रींबद्दल चार वाक्यं होती आणि बुटकीचा कोन मला कसा सुचला याबद्दल बाकीचं. शेवटी मिस्त्री म्हणाले, "साहेब, मले एक द्या. फर्मे द्या. पोरगी शिकून राहिली माह्याजवळ. खाप्यात शेड टाकतो म्हणते. गुढीपाडव्याले सुरू करू."

फर्मा म्हणजे प्लायवूडचा कापलेला आकार. खुर्चीचा वाकडा पाय, पाठीची फळी, जे काही सरळ नाही त्या प्रत्येकाचा एक फर्मा असतो. तो लाकडावर ठेवायचा, पेन्सिल फिरवायची आणि कापायचं. मी उदार झालो. "सगळे फर्मे तुमचे, मिस्त्री!" टाळ्या पडल्या. फर्मे कुठे ठेवलेत, कसे दिसतात, किती आहेत, हे मला अजिबात माहीत नव्हतं. पण देऊन टाकले.

मिस्त्री म्हणाले, खाप्यातल्या शेडला अजून छप्पर नाही, पाडवा जवळ आला की टेम्पो घेऊन येतो, तोवर इथेच राहू द्या. मी म्हटलं, खुशाल.

मग फेब्रुवारीत एका डिझाइन कॉलेजातून एका तरुण मॅडमचा फोन आला. त्यांना माझ्या कामाचं प्रदर्शन भरवायचं होतं. "सर, तुमचं अर्काइव्ह बघायला येऊ का?" मी म्हटलं, "अवश्य या." फोन ठेवला आणि बायकोला विचारलं, "अर्काइव्ह म्हणजे नेमकं काय गं?"

"जे तुमच्याकडे नाही ते," ती म्हणाली.

ती खरं बोलली होती, पण मी चिडलो आणि त्याच चिडीत कामाला लागलो. बाजारातून मोठं लोखंडी कपाट आणलं. प्लास्टिकचे फोल्डर, जाड रजिस्टर, आणि लेबलं छापायचं छोटं मशीन आणलं. हे मशीन भारी नादी लावणारं निघालं. पहिल्या दोन दिवसांत मी इतकी लेबलं छापली की कामाच्या कागदांना पुरून उरली, मग मी ती घरातल्या वस्तूंना लावत सुटलो. पोळपाटावर 'स्वयंपाकघर १' बघून बायकोनं मशीन तांदळाच्या कोठीत लपवलं. ते मला चार दिवसांनी सापडलं.

मॅडम आल्या. अगदी साधी, हुशार पोरगी. मी त्यांना माझी सुरुवातीची ड्रॉइंग्ज दाखवली. ही ड्रॉइंग्ज मिरच्यांच्या पत्र्याच्या डब्यात असतात. बायको दर वर्षी भिवापूरहून वर्षाची मिरची आणते, आणि मिरचीच्या डब्यात कसर लागत नाही हा माझा शोध. कागदांना खरोखर कसर लागलेली नव्हती. पण ते उलगडताच मॅडम शिंकायला लागल्या, मी शिंकायला लागलो, आणि आतून बायको ओरडली, "खिडकी उघडा, बाप्पा!" डोळे पुसत पुसत मॅडमनी बुटकीचं ड्रॉइंग पाहिलं. पेन्सिलीचं, माझ्या सहीचं, सही ड्रॉइंगपेक्षा थोडीशी मोठी. मॅडम खूश झाल्या. मी ते दुसऱ्याच दिवशी काचेत मढवून आणलं.

जाताना त्या म्हणाल्या, "सर, दर वस्तूसाठी रजिस्टरमध्ये एवढं लिहाल का? कोणी केलं, कशाचं केलं, आणि काय चुकलं. तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. पुढे करणाऱ्याला त्याचाच उपयोग होतो."

मी बसून रजिस्टर भरलं. 'कोणी केलं' या रकान्यात पहिल्या ओळीत 'मी' लिहिलं आणि खाली सगळीकडे 'वरीलप्रमाणे'च्या खुणा केल्या. 'कशाचं'मध्ये सागवान, बाभूळ, शिसव. 'काय चुकलं' हा रकाना कोरा राहिला. खरं सांगतो, मी त्यावर विचार केला. चांगला अर्धा तास केला. काही आठवलंच नाही.

आता कपाट ठेवायचं कुठे, हा प्रश्न आला. घरात बायको ठेवू देईना. शेडमध्ये मागच्या भिंतीला एकच कोपरा बरा होता, तिथे दोन तरटाची पोती उभी होती. सुतळीनं करकचून बांधलेली. वरून चाचपलं, तर आत प्लायवूडचे तुकडे. वेडेवाकडे, कामाचे नाहीत असे. मिस्त्रींना काही टाकवत नाही, हे मला माहीत होतं, म्हणून मनात म्हटलं, बघा, भंगारसुद्धा बांधून ठेवलंय. सुतळी सोडून आत बघावं असं मला एकदाही वाटलं नाही. माझ्या कामाचा ठेवा ज्या कपाटात राहणार, त्याला जागा हवी होती. तेवढंच डोक्यात.

त्याच आठवड्यात होळी. कॉलनीतले होळीवाले लाकडं मागायला आले आणि मी दोन्ही पोती त्यांच्या हाती दिली. वर म्हटलं, "घ्या, एकदम वाळलेलं आहे, मस्त पेटेल." संध्याकाळी आम्ही दोघं पुरणपोळीचा नैवेद्य घेऊन गेलो. होळी खरंच मस्त पेटली. मी बोंब मारली, अगदी मनापासून मारली. आणि शेजाऱ्याच्या हातात फोन देऊन म्हटलं, "एक काढा." मी समोर उभा, हसतोय, हातात नारळ, आणि माझ्यामागे होळी.

पाडव्याला आठवडा होता तेव्हा मिस्त्रींचा फोन आला. "साहेब, उद्या येऊन राहिलो. पोरगी पण येते. टेम्पो सांगतला." मी म्हटलं, या या, माझं अर्काइव्ह बघायला मिळेल तुम्हाला.

ते आले. पोरीला मी लहानपणी पाहिलेली, आता चोवीस-पंचवीसची, केस वर बांधलेले, कानामागे पेन्सिल खोवलेली, बापासारखीच. मिस्त्री सरळ शेडमध्ये गेले आणि मागच्या भिंतीशी जाऊन थांबले. समोर माझं लोखंडी कपाट. त्यांनी कपाटाच्या मागे पाहिलं, बाजूला पाहिलं.

"पोते कुठं ठेवले जी?"

"कोणती पोती?"

"फर्म्याचे. बांधून ठेवले होते ना मी. दोन."

मी आधी म्हटलं की इथेच कुठेतरी असतील. मग म्हटलं, बायकोनं हलवली असतील. बायको दारात उभी होती, तिनं माझ्याकडे असं पाहिलं की ते खोटं मला पुढे रेटता येईना. मग सांगितलं. सगळं सांगितलं. वाळलेलं आहे, मस्त पेटेल असं म्हणालो होतो, तेही सांगितलं, कारण एकदा बोलायला लागल्यावर मला थांबताच येईना.

मिस्त्री शेडच्या पायरीवर बसले. थोड्या वेळानं म्हणाले, "सगळेच गेले?"

"सगळेच."

"बुटकीचे बी?"

मी मान हलवली.

पोरगी बोलली. आवाज चढवला नाही, पण एकेक शब्द मला लागला. "काका, पाडव्याला मी शेड सुरू करून राहिले. सावनेरच्या एका दवाखान्यानं बसायला सहा बुटक्या मागितल्या आहेत, माझं पहिलं काम आहे ते. बाबांचे हात असे आहेत. ते पुन्हा फर्मे कापू शकत नाहीत. मला अजून तो आकार येत नाही. बाबांनी वीस वर्षं तेच फर्मे जपून वापरले, आता मी काय बघून कापू?"

मला रडू आलं. खरंच आलं. आणि रडताना मला एक गोष्ट आठवली, त्यामुळे रडणं अर्ध्यावर सोडून मी घरात पळालो आणि काचेत मढवलेलं ड्रॉइंग घेऊन आलो. "हे आहे ना! बुटकीचं मूळ ड्रॉइंग! सगळी मापं आहेत. काही बिघडलं नाही, मिस्त्री!"

मिस्त्रींनी चष्मा लावला, काचेवरून बोट फिरवलं. मग पोरीला म्हणाले, "हे नाही चालत वं."

"काहून?" तिनं विचारलं.

"नाही चालत. तसंच."

आता मला राग आला. आत्ताच यांचे फर्मे जाळून बसलेला माणूस मी, पण राग आला. माझ्या सहीचं ड्रॉइंग नाही चालत म्हणजे काय? मी पोरीला म्हटलं, तू या मापानं कापून तर बघ. तिनं शेडमध्ये उरलेल्या प्लायवर आकृती उतरवली, पाठीचा आकार कापला, दोन पट्ट्यांवर तात्पुरता ठोकला. मी बसलो. पाठ एकदम ताठ. कंबरेत काहीतरी टोचत होतं.

"छान आहे," मी म्हणालो.

"उठा," बायको म्हणाली. ती बसली आणि लगेच उठली. "शाळेतला बाक आहे हा. परीक्षेला बसल्यासारखं वाटतं."

मिस्त्री खाली बघत होते. मला वाटलं, ड्रॉइंगचा कागद आखडला असेल. मिरचीनं आखडतो का कागद, असंही मी विचारून पाहिलं.

मग जुने फोटो उघडले. बुटकीचे फोटो खूप आहेत, म्हणून मी हुरळून फोन पुढे केला. पोरगी एकेक फोटो मोठा करून बघायला लागली. प्रत्येकात मी. बुटकीवर बसलेला मी, बुटकीच्या पाठीवर हात ठेवलेला मी, बुटकीसमोर हात बांधून उभा मी. पाठीचा आकार जिथे वळतो नेमकी तिथे माझी कंबर. शेवटी होळीचा फोटो आला. तिनं तो मोठा केला. माझ्या डाव्या कानाच्या बाजूला, जाळात, एक वाकडा लांबोळका आकार अर्धा दिसत होता.

"बाबा, हा पाठीचा ना?"

"हो," मिस्त्री म्हणाले.

अख्ख्या अर्काइव्हमध्ये फर्म्याचा फोटो तेवढा एकच आहे. मी त्यात हसतो आहे.

आता एकच उपाय उरला होता, आणि तो आम्हा सगळ्यांना दिसत होता. एखादी झालेली बुटकी पूर्ण खोलायची, तिची पाठ आणि पाय सुटे करायचे, आणि त्यावरून नवे फर्मे आखायचे. गिऱ्हाइकाकडे जाऊन तुमची खुर्ची मोडू द्या म्हणायची सोय नव्हती. आणि आमच्या बैठकीच्या खोलीत एक होती. सगळ्यात पहिली. प्रदर्शनात मधोमध, एकटी, उजेडात ठेवायची म्हणून मॅडमनी निवडलेली.

"खोलली तर पहिल्यासारखी बसनच असं नाही जी," मिस्त्री म्हणाले. "लाकूड जुनं हाय. खाच फाकली तर गेली."

मी किती वेळ गप्प होतो ते सांगायची मला लाज वाटते. टेम्पोवाला दोनदा आत डोकावून गेला, एवढं सांगतो. दोन पोती मी न बघता दिली होती, आणि आता एक खुर्ची बघून देता येईना.

"अहो," बायको म्हणाली, "खुर्ची आहे ती. सिंहासन नाही. आणा."

मी आणली. स्वतः उचलून आणली आणि शेडमध्ये मधोमध ठेवली.

मिस्त्री पायरीवरून उठले नाहीत. तिथूनच सांगत होते आणि पोरगी करत होती. या खुर्चीत चिकटवायला सरस वापरलेलाच नाही हे मला तेव्हा कळलं, सगळे सांधे लाकडी खुंट्यांवर आहेत. "खालून मार. हळू. दुसऱ्या बाजूले ये. आता फिरव, ओढू नको वं, फिरव." खुंट्या निघाल्या. तिनं मागची आडवी दांडी लाकडी हातोडीनं हळूहळू सैल केली आणि पायातून ओढून काढली. दांडीचं जे टोक पायाच्या खाचेत आत जाऊन बसतं, कोणाला कधीच दिसत नाही, तिथलं लाकूड अजून ताजं होतं, पिवळं. आणि त्यावर पेन्सिलीनं बारीक लिहिलेलं होतं.

"बाबा, हे काय आहे?"

मिस्त्री एकदम म्हणाले, "काही नाही. माप हाय. ठेव इकडं."

पण तिनं वाचायला घेतलं होतं. मोठ्यानं.

"नकाशाप्रमाणे नाही. पाठ दोन बोटं मागं झुकवली. कमरेले पोकळ दिली. साहेबाले सांगू नये. पुढच्या मिस्त्रीनं हेच धराव."

बायकोनं पदर तोंडाला लावला, ती हसत होती की काय करत होती ते मला अजून कळलेलं नाही. मी टोक हातात घेतलं. अक्षर मिस्त्रींचंच. तेव्हा हात थरथरत नव्हते, त्यामुळे अक्षर सुरेख होतं.

मला ती दुपार आठवली. जी दुपार मी सगळ्या सभांतून सांगितली होती ती नव्हे, खरी. ड्रॉइंग देऊन मी एका गिऱ्हाइकाच्या कामाला आठवडाभर बाहेरगावी गेलो होतो. त्या दुपारी परत आलो तेव्हा खुर्ची तयार होती. बसलो आणि उठवेना. "वा मिस्त्री," मी म्हणालो होतो, "बघा, डिझाइन नीट असलं की कसं होतं." मिस्त्री "हो जी" म्हणाले होते.

"सगळ्यांत लिहिलंय असं?" मी विचारलं.

"सगळ्याइत. जितक्या झाल्या तितक्या." मिस्त्री जमिनीकडे बघून बोलत होते, जणू चोरी त्यांनी केली होती. "खुर्ची कधी ना कधी मोडते जी. मग कोन्ता तरी मिस्त्री खोलते. त्याच्याजवळ तुमचा नकाशा असला तर तो तसाच करन ना. त्याले समजाव म्हून लिहलं. तुमच्यासाठी नव्हतं."

"मला का नाही सांगितलं?"

त्यांनी पहिल्यांदा वर पाहिलं. "सांगतलं असतं तर तुमी आयकलं असतं का जी?"

मी खूप विचार केला असं दाखवलं. मग म्हणालो, "नाही."

"मंग," मिस्त्री म्हणाले. एवढंच.

त्या दिवशी पोरीनं जमिनीवर प्लायवूड अंथरून बुटकीचा एकेक भाग त्यावर ठेवला आणि आखला. मिस्त्री सांगायचे, ती आखायची, मी प्लाय धरून बसलो होतो. तीस वर्षांत फर्मा आखताना मी पहिल्यांदा पाहिला. प्रत्येक फर्म्यावर ती बापाच्या सांगण्यावरून लिहायची, कुठे लाकूड जास्त ठेवायचं, कुठे आधी चुकलं होतं आणि कसं निस्तरलं. पाठीच्या फर्म्यावर तिनं दांडीच्या टोकावरचं वाक्य जसंच्या तसं उतरवलं. मग थांबली आणि मला विचारलं, "काका, 'साहेबाले सांगू नये' हेपण लिहू?"

"लिही," मी म्हणालो.

बुटकी परत जोडताना एका पायाची खाच फाकलीच. मी मॅडमना फोन करून सांगितलं की मधोमध ठेवायची खुर्ची आता सुट्या तुकड्यांत आहे, आणि का आहे. सगळं सांगितलं. मग त्या म्हणाल्या, "सर, तशीच द्या. लिहिलेलं टोक वरच्या बाजूला ठेवू." काचेतलं ड्रॉइंगही त्यांनी मागितलं, शेजारी लावायला. शेजारी लावल्यावर लोकांना काय दिसणार ते मला कळत होतं. दिलं.

मग रजिस्टर काढलं. 'कोणी केलं' या रकान्यातल्या सगळ्या खुणा खोडल्या आणि प्रत्येक ओळीत मिस्त्रींचं नाव लिहिलं. 'वरीलप्रमाणे' केलं नाही, दर वेळी पूर्ण लिहिलं, हात दुखेपर्यंत. 'काय चुकलं' हा रकाना मात्र पुरला नाही, मागचं पान घ्यावं लागलं.

पाडव्याला आम्ही दोघं खाप्याला गेलो. नव्या शेडवर गुढी उभारली होती, टिन अजून चकाकत होतं, आतल्या खिळ्यांना नवे फर्मे लटकवलेले होते, उघड्यावर, पोत्यात नाही. मला बघून मिस्त्रीच म्हणाले, "आता दिसतेत ना जी?" सगळे हसले. मीही हसलो, पण उशिरा.

मधे पहिली बुटकी उभी होती. पोरीनं केलेली. मी बसलो. काय सांगू! मला उठावंसं वाटेना, आणि पहिल्यांदा त्याबद्दल मला काही बोलावंसंही वाटेना.

पोरीनं माझ्या हातात तिचा फोन दिला. "काका, बाबांचा खुर्चीसोबत एक काढून द्या. त्यांचा कामाचा एकही फोटो नाही आमच्याकडे."

कुठून असणार? दर वेळी फोन त्यांच्या हातात होता.

मिस्त्री येऊन उभे राहिले. नवा सदरा, डोक्याला टोपी, निरोपाला मी दिलेली शाल. हात लपवायला जागा मिळेना म्हणून ते एकमेकांत धरले. उभे राहिले ते नेमके खुर्चीच्या समोर, कारण फोटोत कसं उभं राहतात हे त्यांनी माझ्याकडूनच बघितलेलं. फोनमध्ये मला फक्त मिस्त्री दिसत होते.

"खुर्ची दिसून राहिली का जी?"

"नाही."

"मंग मी बाजूले होतो."

"नका होऊ," मी म्हणालो. "तिथेच उभे राहा."